गुणवंतरावांची टिटवी

गुणवंतराव मोहुर्ले यांच्या फोटो स्टुडिओतले चारही पडदे मी रंगवलेले आहेत. ताजमहाल, धबधबा, गुलाबाच्या कुंड्यांचा जिना आणि बर्फातलं काश्मीर. काश्मीर मी पाहिलेलं नाही. अहेरीत तेव्हा कोणीच पाहिलेलं नव्हतं, म्हणून तक्रारही कधी आली नाही. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर. पोरांच्या वह्यांतला तोच तो दोन डोंगरांमधला सूर्य तपासून जीव उबगला की संध्याकाळी स्टुडिओत जाऊन बसायचो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी गुणवंतरावांबद्दल थोडं वाकडं बोलेन. दुखावलेल्या कलावंताचं बोलणं म्हणून तेवढं सोडून द्यावं. माणूस म्हणून ते मला सख्ख्या भावाहून जवळचे होते, आणि सख्ख्या भावाशी माझं फारसं जमतही नाही.

एटापल्ली, भामरागड, मुलचेरा, कुठून कुठून माणसं त्यांच्याकडे यायची. नवी जोडपी काश्मीरपुढे उभी राहायची, नवरा घामानं डबडबलेला. फोटो काढण्याआधी गुणवंतरावांचा एक विधी असे. कॅमेऱ्यातून एकदा बघायचं, जीभ टाळूला लावून ‘च्यक’ करायचं आणि पुढे येऊन काहीतरी बाजूला करायचं. स्टूल, पिशवी, कपाळावरची बट, बापाच्या खिशातली चुन्याची डबी. ‘मांगं साफ पाह्यजे,’ हे त्यांचं ब्रीद होतं. एकदा एका घरी वारलेल्या म्हाताऱ्याचा शेवटचा फोटो काढायला बोलावलं, तर तिथेही त्यांनी रडणाऱ्या व्याह्याला खांद्याला धरून दोन हात सरकवलं. व्याही सरकले आणि तिथे रडू लागले.

असा हा माणूस बावन्नाव्या वर्षी बिघडला, तो एका कॅलेंडरमुळे. पासपोर्ट फोटोला आलेला एक वनअधिकारी ते त्यांना देऊन गेला. त्यात एका पानावर पाण्याकाठी उभा असलेला लांब तांबड्या पायांचा शेकाट्या होता. पक्षी लखलखीत, आणि त्याच्या मागे सोनेरी, हिरवं, पुसट पुसट काहीतरी पसरलेलं. गुणवंतराव ते पान घेऊन थेट माझ्या घरी आले.

‘मास्तर, हा पडदा कोनं रंगवला असन?’

मी म्हटलं, ‘हा पडदा नाई गुणवंतराव. मांगचं गवत हाये. कॅमेऱ्यानं पुसट केलं त्याले.’

त्यांनी पानावरच्या त्या पुसट भागावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘म्हंजे आपल्या नदीवर असे पडदे फुकटात टांगून हायेत, अन् मी तीस वर्सं तुमच्या काश्मीरसमोर लोकं उभे करून राह्यलो?’

हा तो अपमान. मी त्यांना चहा दिला, पण साखर कमी घातली.

त्यानंतर नागपुरातून कुठूनतरी जुनी, हातभर लांबीची लेन्स आली आणि दर रविवारी प्राणहितेची वाळू आमच्या नशिबी आली. ‘आमच्या’ म्हणतो, कारण त्यांच्या लुनावर मागे लेन्स मांडीवर घेऊन बसायला कोणीतरी लागायचं. रंभावहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, दारात उभ्या राहून म्हणायच्या, ‘जा, जा. मानसं पाह्यतेत दुकानात वाट, अन् हे चालले पाखराईच्या लग्नाले.’ हौसेला मोल नसतं म्हणतात. मोल असतं, ते घरच्या बाईच्या तोंडून वसूल होतं.

पहिली दोन वर्षं नुसती फजिती. पाण्याकाठचे पक्षी माणूस बघताच उडतात, आणि जे उडत नाहीत त्यांच्या मागे काही ना काही असतं. छत्तीस फोटोंचा रोल संपला की तो बसच्या कंडक्टरकडे द्यायचा, तो चंद्रपूरच्या लॅबला पोचवायचा, आठवड्यानं फोटो यायचे. तुतवार आला, मागे मेलेली म्हैस. चिखल्या आला, मागे वाळत घातलेली लुगडी. एकदा शेकाट्याचा फोटो असा अप्रतिम आला की मीसुद्धा काश्मीर विसरलो. पण मागे लोटा घेऊन बसलेले एक गृहस्थही तितकेच स्पष्ट आले होते. गुणवंतरावांनी तो फोटो पाकिटात परत घातला आणि हळू आवाजात म्हणाले, ‘ह्याले सरक म्हनाले पाह्यजे होतं.’

मी हसलो, पण त्यांना हसू येत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मनातली गोष्ट सांगितली. ‘मास्तर, या तालुक्यात भिंतीभिंतीवर माह्या हातचे फोटो हायेत. पन एकाखाली तरी माहं नाव हाये का? ज्याचा फोटो, त्याचं नाव. मले एक फोटो असा काढाचा हाये का त्याच्याखाली लोकं माहं नाव वाचतीन.’ बोलून झाल्यावर ते लाजले आणि लेन्स पुसत बसले.

२००१ सालच्या मार्च महिन्यात चंद्रपूरहून एक पत्रक येणार असल्याची बातमी त्या वनअधिकाऱ्यानंच दिली. ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताहात छायाचित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. निवडलेले फोटो भिंतीवर, खाली छायाचित्रकाराचं नाव, पहिल्याला बक्षीस. गुणवंतरावांचं जेवण त्या दिवसापासून कमी झालं.

विषय त्यांनी ठरवूनच ठेवला होता. नदी टिटवी. काळी टोपी, राखी कोट, पाय बारीक आणि आवाज गावच्या सरपंचापेक्षा मोठा. हिवाळा सरता सरता प्राणहिता आटून वाळूचे पट्टे उघडे पडतात. त्या वाळूत ढिवर, म्हणजे मासेमारी करणारे लोक, डांगराच्या म्हणजे टरबुजाच्या वाड्या लावतात. खड्डे खणून, खत घालून, घागरीनं पाणी पाजून टरबुजं आणि काकड्या काढतात. नीलाबाईंची वाडी अशीच पाण्याला लागून होती. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच ती लावायच्या आणि दोन महिने तिथेच काठ्या-पाल्याच्या झोपडीत राहायच्या. त्यांच्या वाडीच्या कडेला टिटवीनं चार अंडी घातली होती.

‘हनुमान जयंतीले घातली,’ नीलाबाईंनी सांगितलं. ‘पाहा, पन दुरून. ते माही राखनदार हाये. राती कोल्हा आला डांगर खाले, का ते अशी बोंबलते, अशी बोंबलते, का माहीच झोप उडते. महिन्याच्या आत पिल्लं निंगतेत.’

गुणवंतरावांनी वाळूत पोट टेकून कॅमेऱ्यातून पाहिलं आणि या वेळी ‘च्यक’ केलं नाही. मलाही दाखवलं. खरं सांगतो, मला माझ्या ब्रशची लाज वाटली. अंड्यांच्या मागे डांगराच्या वेलांचा हिरवा पट्टा, त्यात पिवळ्या फुलांचे ठिपके, त्यामागे पाण्याची निळी रेघ आणि पलीकडे आंध्राचे डोंगर धुक्यात भिजलेले. सगळं पुसट, मऊ. अंडी मात्र वाळूच्याच रंगाची, चारही टोकं आत वळवून नीट मांडलेली.

पुढच्या रविवारी, बावीस एप्रिलला, आम्ही सकाळी सातलाच पोचलो. लपायला आडोसा हवा म्हणून गुणवंतरावांनी काय आणावं? माझा काश्मीरचा पडदा. चार बांबूंवर तो टाकून त्यांनी तंबू केला, बर्फाची बाजू आत. ‘तेवढंच थंड वाटन,’ म्हणाले. वहिनींनी डब्यात माझ्यासाठी वेगळी चटणी दिली होती, तिच्याकडे बघून गप्प बसलो.

नीलाबाई आदल्या दिवशी कामासाठी गावात गेल्या होत्या, त्या अजून यायच्या होत्या. गुणवंतरावांनी कॅमेरा लावला, एकदा बघितलं आणि ‘च्यक’ केलं. अंड्यांच्या अगदी बाजूला झाऊची एक वाळकी, झाडूसारखी फांदी वाळूत रुतलेली होती. तिच्या काड्या बरोबर डोंगरावर येत होत्या. मागच्या वेळी जरा बाजूनं पाहिलं होतं, म्हणून ती आड आली नव्हती.

‘पुरात वाहून आली असन,’ ते म्हणाले. ‘मांगं साफ पाह्यजे.’

फांदी खोल रुतली होती. एकट्याला निघेना. दुसरं टोक मी धरलं. आम्ही ती उपटून वीस पावलांवर फेकून दिली, जागा हातानं सारखी केली आणि तंबूत जाऊन बसलो.

टिटवी आरडाओरडा करत घिरट्या घालत होती. खाली उतरायची, चार पावलं यायची, तंबूकडे बघायची, परत उडायची. आठ वाजले, नऊ वाजले. वाळू तापायला लागली. माझ्या डोक्यावर हिमालय आणि पाठीतून घामाच्या धारा. मी म्हटलं, ‘जाऊ द्या ना आता.’ गुणवंतरावांनी नुसता हात वर केला. साडेदहाच्या सुमारास ती आली. आधी पाण्यात पोट बुडवलं, मग ओल्या पिसांनी पळत पळत अंड्यांजवळ आली. पण बसली नाही. अंड्यांवर उभी राहिली आणि तिनं दोन्ही पंख अर्धे उघडून बाजूला धरले. चोच उघडी, मान ताठ, पंखांतून ऊन पाझरतंय आणि मागे तो पिवळ्या फुलांचा पडदा.

गुणवंतरावांनी छत्तीसच्या छत्तीस फोटो काढले. शेवटी रोल संपल्याची किरकिर झाली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ‘मास्तर,’ ते म्हणाले, ‘नाचून राह्यली हो. माह्यासाठी नाचून राह्यली.’ मलाही तसंच वाटलं. इतकं सुंदर दृश्य मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही.

तंबू आवरत होतो तेवढ्यात नीलाबाई डोक्यावर घागर घेऊन आल्या. अंड्यांकडे बघून त्या जागच्या जागी थांबल्या. घागर खाली ठेवली.

‘माही फांदी कुठी हाये?’

‘कोनती फांदी?’ गुणवंतराव म्हणाले.

‘अंड्याजवळची. मी गाडली होती. वाडीत टिटवी बसली का आमी ऊन येते त्या अंगानं झाऊ गाडतो. आमच्या सासूच्या सासूपासून हाये ते. दुपारच्याले अंड्यावर सावली, अन् पाय बी पडत नाई कोनाचा.’

‘मांगं दिसून राह्यली होती ना बाई,’ गुणवंतराव कसंबसं म्हणाले. ‘म्हून जराशी काढली. पन फोटो असा आला, पंख पसरून उभी होती...’

‘उभी होती?’ नीलाबाई म्हणाल्या. ‘बसली नाई ना? कशी बसन, भाऊ? वाळू चुल्यासारखी झाली. सावली धरून उभी होती ते. माय लेकरावर पदर धरते, तशी.’

त्यांनी फांदी ओढत आणली, खड्डा केला, गाडली. आम्ही मदतीला पुढे झालो तर ‘राहू द्या’ एवढंच म्हणाल्या.

इथवर आमचं अज्ञान होतं. पुढचं मात्र अज्ञान नव्हतं. आठ दिवसांनी फोटो आले आणि त्यातला अकरावा पाहिल्यावर आम्ही ती दुपार विसरलो. खोटं कशाला सांगू, विसरायला फार कष्ट पडले नाहीत. फोटो होताच तसा. रंभावहिनी पोळपाट सोडून, पिठाच्या हातानं बघायला आल्या आणि म्हणाल्या, ‘हे तुमी काढलं?’ लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, त्या स्वरात वहिनी त्यांच्याशी पहिल्यांदा बोलल्या असाव्यात. प्रवेशपत्रिका मी भरली, अक्षर चांगलं म्हणून. ‘चित्राचे शीर्षक’ असा रकाना होता. मी लिहिलं: ‘नृत्य’.

फोटो टपालात पडला आणि मग गुणवंतरावांना झोप येईना. मेच्या पहिल्या आठवड्यात ते म्हणाले, ‘चला, पिल्लं पाहून येऊ.’ कॅमेरा घरी ठेवला. टिटवी बसलेलीच होती. पुढच्या रविवारी गेलो, बसलेलीच. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिचा आवाज कमी झाला होता. आम्ही दूर उभे राहायचो, नीलाबाई आम्हाला काकडी कापून द्यायच्या, आणि अंड्यांचा विषय कोणीच काढायचं नाही.

मे संपला. वेल वाळले, टरबुजं संपली, आजूबाजूच्या वाड्या मोडून लोक गावात गेले. नीलाबाई मात्र झोपडीत राहिल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘ते बसून हाये, अन् मी कशी जाऊ?’ शेवटी जूनच्या पहिल्या रविवारी त्या स्वतःच उठल्या. टिटवी उडून बाजूला झाली, पण ओरडली नाही. नीलाबाईंनी एक अंडं उचललं, कानाशी धरून हलवलं, आणि ते गुणवंतरावांच्या तळहातावर ठेवलं.

‘आइका.’

त्यांनी कानाशी धरलं. आत पाणी डुचमळत होतं. चारही तसलीच. नीलाबाई रागावल्या नव्हत्या, तेच जास्त वाईट होतं. ‘एका महिन्याचं काम,’ त्या म्हणाल्या, ‘दोन महिने बसली बिचारी.’ गुणवंतरावांनी ते अंडं परत जागेवर ठेवलं, टोक आत वळवून, बाकीच्या तिन्हींसारखं. मग वाळूत बसून हा चोपन्न-पंचावन्न वर्षांचा माणूस रडला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

सप्टेंबरात पत्र आलं. पहिलं बक्षीस.

गुणवंतराव म्हणाले, जात नाही. रंभावहिनींनी नवं लुगडं घेऊन ठेवलं होतं. त्यांना अंड्यांचं काही ठाऊक नव्हतं. दोन दिवस घरात धुसफूस चालली. तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले, म्हणाले, ‘मास्तर, जावंच लागन. तुमी बी चला. तो तुमचा जाडा पेन घ्या संगं, अन् एक चांगला कागद.’ कशाला, ते सांगितलं नाही.

चंद्रपूरच्या त्या सभागृहात भिंतभर वाघ होते. त्या सगळ्या वाघांच्या मधोमध आमची टिटवी. फोटो हातभर मोठा केलेला, आणि खाली छापील चिठ्ठी: ‘नृत्य. छायाचित्रकार: गुणवंतराव मोहुर्ले, अहेरी.’ माणसं तिथे थांबत होती, वाकून नाव वाचत होती. वहिनी बाजूला उभ्या राहून वाचणाऱ्यांची तोंडं बघत होत्या. मी गुणवंतरावांकडे पाहिलं. ते आपल्या नावाकडे बघतच नव्हते.

पाहुण्यांनी भाषणात त्या फोटोचं फार कौतुक केलं. निसर्गाचा आनंदसोहळा, पक्ष्याचं मुक्त नर्तन वगैरे. मग गुणवंतरावांना वर बोलावलं, पदक गळ्यात घातलं आणि दोन शब्द बोला म्हणाले. आयुष्यभर कॅमेऱ्याच्या मागे काढलेला माणूस. समोर उभा राहिला आणि सवयीनं माईकच जरा बाजूला सरकवला.

‘ते नाचत नोती,’ गुणवंतराव म्हणाले. ‘तिच्या अंड्यावर सावली होती. फोटो साफ दिसावा म्हून मी ते काढून फेकली. मंग तिनं पंखाची सावली केली, अन् मी फोटो काढले. अंडी उबली नाईत. चारही गेली. हा फोटो चांगला हाये, पन मी चांगलं नाई केलं.’

त्यांनी पदक काढून टेबलावर ठेवलं. पाहुणे गडबडून म्हणाले, ‘अहो, मग फोटो काढून टाकायचा का भिंतीवरून?’

‘नाई, नाई. राहू द्या. लोकाईनं पाह्यलाच पाह्यजे. मास्तर, कागद काढा.’

मंचाच्या पायरीवरच मी कागद मांडला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. ‘नदी टिटवी. अंड्यांवर सावली धरून उभी आहे. तिची सावली फोटोवाल्यानं काढून टाकली होती. अंड्यांतून पिल्लं निघाली नाहीत.’ माझ्या अक्षरात एवढी उघडी गोष्ट मी याआधी कधी लिहिली नव्हती. दोनदा पेन थांबला. रंभावहिनी माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्या नवऱ्याच्या सदऱ्याची बाही धरून राहिल्या.

कागदाच्या तळाशी थोडी जागा उरली होती. मला वाटलं, एवढ्यावर थांबावं. नाव नाही टाकलं तरी चालेल, कोण विचारणार आहे. मी पेनाला टोपण लावू लागलो.

‘नाव राह्यलं,’ गुणवंतराव म्हणाले.

मी बारीक अक्षरात सुरुवात केली, तर त्यांनी माझा हात धरला.

‘मोठं काढा, मास्तर. नाई तं लोकाईले वाटन, दुसऱ्या कोनं केलं.’

मी मोठं काढलं.